दवाचे क्रियापद

सोमवार, १ डिसेंबर २०२५

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष रखमाजी आज सकाळी घरी आले. ओट्यावर चढण्यापूर्वी ते चपला सरळ रेषेत काढून ठेवतात. त्यांचा हा गुण मला पूर्वीपासून आवडतो. चहाचा पहिला घोट घेऊन ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्याइतका शुद्ध माणूस आख्ख्या निमगाव-राजुरीत घावायचा न्हाई. आमचं एक काम करा."

काम असे. आमच्या वाडीच्या शाळेत जूनपासून अश्विनी नावाच्या नव्या शिक्षिका आल्या आहेत. त्या मूळच्या आंबेगाव तालुक्यातल्या. वडिलांचे भीमाशंकरला प्रसादाचे दुकान आहे. थंडी सुरू झाल्यापासून त्यांनी दर बुधवारी, शाळा भरण्याआधी, दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी 'प्रयोगाचा तास' काढला आहे. रखमाजींना तो पसंत नाही. "उसात बिबट्या फिरतोय, आन ही बाई पोरांना सकाळी सकाळी गवत हुंगायला लावती. त्यापरीस पाढे घ्या म्हणावं. आमच्या समर्थला अजून तेराचा पाढा येत न्हाई." समर्थ हा त्यांचा नातू.

चोवीस तारखेला पालकसभा आहे. हा तास पुढे चालू ठेवायचा, की त्याच्या जागी पाढ्यांचा सराव घ्यायचा, हे तीत ठरेल. तोपर्यंत मी तासाला बसावे, मुलांचे लेखन तपासावे आणि सभेत लेखी अभिप्राय वाचून दाखवावा, अशी त्यांची विनंती आहे. "तुमी बोलला की इषय संपला," असे ते म्हणाले.

हे काम निःपक्षपाती माणसाचे असल्यामुळे त्यांना माझे नाव सुचले, हे उघड आहे. तसे मी पत्नी लंकाबाईंना सांगितले. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "निःपक्षपाती कसलं! तुमी लग्नाच्या पत्रिकेतबी चुका काढता, त्यांना ठावं हाय."

त्या पत्रिकेत 'आशीर्वाद' हा शब्द ऱ्हस्व 'शि' घालून छापला होता.

बुधवार, ३ डिसेंबर

आठ वाजता शाळेत पोहोचलो. अश्विनीबाई काठी घेऊन फाटकात उभ्या होत्या. मोठ्या माणसाचा हात धरून आल्याखेरीज त्या एकाही मुलाला आत घेत नाहीत, आणि शेवटचे मूल आल्यावर स्वतः फाटकाला कडी घालतात. आवाराला पुरुषभर उंचीची भिंत आहे. बिबट्याच्या बाबतीत बाई रखमाजींपेक्षा अधिक सावध आहेत, अशी नोंद करणे मला भाग आहे.

मुलांनी मला "गुड मॉर्निंग, आजोबा" म्हटले. मी "शुभ प्रभात" असे दुरुस्त केले. तेव्हा समर्थ शेजारच्या मुलीला हळूच म्हणाला, "ह्यांच्यापुढं बोलू नगं. बोललं की चूक निघती."

आज खोबरेल तेलाच्या दोन बाटल्या होत्या. एक उन्हात, एक सावलीत. सावलीतली मेणासारखी गोठलेली होती. बाईंनी ती मुलांच्या हातांत फिरवली. प्रत्येक मुलाने ती क्षणभर मुठीत धरली, आणि रांगेच्या शेवटी पोहोचली तेव्हा कडेचे तेल पातळ झाले होते. बाई काहीच बोलल्या नाहीत. मुलेच ओरडली, "आमीच वितळवलं!" वर्गात शिक्षकाने गप्प राहणे किती कठीण असते, हे मला ठाऊक आहे.

नंतर त्यांनी गवताकडे बोट दाखवून विचारले, "हे दव कुठून आलं?"

सर्वांनी वर बोट केले. समर्थ म्हणाला, "रात्री बारका पाऊस पडतो मॅडम. आपल्याला उठवत न्हाई." विधान चुकीचे असेल, परंतु वाक्याची बांधणी निर्दोष होती.

"वरूनच येतं का, हे कसं बघायचं?"

तेव्हा पिवळ्या स्वेटरमधली एक लहान मुलगी उभी राहिली. हिचे नाव आरफा. स्टँडजवळ कुकर आणि शेगड्या दुरुस्त करणाऱ्या कमरुद्दीन यांची ही नात, दुसरीत शिकते. ती म्हणाली, "वर झाकण घालायचं. वरून येत असंल तर झाकणाच्या खाली कोरडं राहील."

अशी युक्ती माझ्या ऐकण्यात प्रौढांच्या सभांतही क्वचित आली आहे. बाईंनी स्वयंपाकघरातले ताट आणवून उद्या संध्याकाळी ते गवतावर, चार विटांवर उपडे ठेवण्याचे ठरवले.

मंगळवार, ९ डिसेंबर

अश्विनीबाईंनी मुलांचे तक्ते तपासण्यासाठी घरी पाठवले. पालकसभेत ते भिंतीवर लावायचे आहेत. लाल शाईचे नवे पेन काढले.

आरफाचा तक्ता असा होता: "ताटाच्या वरती दव व्हतं. खालच्या बाजूला बी व्हतं. म्हणून दव पडत न्हाई. ताटावर दव धरतं."

'व्हतं', 'बी' आणि 'न्हाई' ही रूपे दुरुस्त केली. परंतु शेवटच्या दोन वाक्यांत दोष रूपाचा नव्हता, क्रियापदाचाच होता. मराठीत पाऊस पडतो, गारा पडतात, धुके पडते आणि दव पडते. 'दव धरणे' असा प्रयोग माझ्या वाचनात नाही. ती दोन्ही वाक्ये खोडून वर "दव पडते" असे सुवाच्य अक्षरात लिहिले.

तक्ता आता स्वच्छ दिसतो.

बुधवार, १० डिसेंबर

शाळेत गेलो, तर सर्व मुलांनी आपापल्या तक्त्यांवर "दव पडते" हे वाक्य लाल खडूने उतरवून घेतले होते. ज्यांनी आधी ताट खालूनही ओले निघाल्याचे लिहिले होते, त्यांनीसुद्धा. मुलांची ही तत्परता मला समाधान देणारी वाटली. बाईंनी मात्र फळ्याकडे तोंड केले.

आरफाने विचारले, "आजोबा, माझं वाक्य का खोडलं?"

मी समजावून सांगितले, की भाषेत रूढीला मान द्यावा लागतो. शिवाय पुरावाही दिला: माझ्या अंगणात पत्र्याखाली ठेवलेली मोटारसायकल सकाळी कोरडी असते आणि उघड्यावरची ओली. याचा अर्थ, दव वरून येते. आरफा म्हणाली, "पण ताट खालून ओलं व्हतं." वरचे पाणी कडेवरून ओघळून आत गेले असेल, असे मी म्हणालो. तिने काल संध्याकाळी पुन्हा ठेवलेले ताट आणून माझ्यापुढे उलटे केले. आतल्या बाजूस अगदी मधोमध बारीक थेंब होते. भोवतालची कड कोरडी होती.

"ओघळलं असतं तर कड आधी भिजली असती ना?"

मी म्हणालो, "बाळ, आपण 'सूर्य उगवतो' असे म्हणतो. सूर्य काही उगवत नाही, पृथ्वी फिरते. तरी ते वाक्य शुद्धच आहे. तसेच हे."

मुलीने हातातल्या ताटाकडे पाहिले. मग म्हणाली, "सूर्याला ताटाखाली ठेवून बघता येत न्हाई, आजोबा. दवाला येतं."

वर्ग हसला. समर्थ तर बाकावरून खाली घसरला. बाईंनी हात वर करून शांतता केली आणि म्हणाल्या, "गुरुजींनी सांगितलं ते मराठी बरोबर आहे. आता आपण बघू या, दव ते ऐकतं का."

या वाक्यात माझ्याविषयी आदर होता. तो कोणत्या जातीचा होता, यावर घरी येईपर्यंत विचार केला.

शुक्रवार, १२ डिसेंबर

केवळ शहानिशा करण्याच्या हेतूने काल संध्याकाळी एक परात अंगणात उपडी ठेवली होती. सकाळी लंकाबाई ओरडल्या, "कणीक मळायची माझी परात कुठं गेली?" मग अंगणात येऊन तिच्याकडे व माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "शाळेत नाव घातलं का काय तुमचं? दप्तर आणून देऊ?"

परात खालूनही ओली होती. मी ती पुसून दिली.

सोमवार, १५ डिसेंबर

रात्री आभाळ भरून आले होते, दव नव्हते. परात आतून-बाहेरून कोरडी निघाली. विनाकारण वाईट वाटले. ढग असताना जर दव नसेल, तर वरून येणाऱ्या वस्तूला ढगांचे वावडे कसे, असा विचार मनात आला. तो अभिप्रायाशी संबंधित नाही.

लंकाबाई परसातल्या हरभऱ्यावर फडके पसरून आल्या होत्या. त्यांना आंब गोळा करायची होती. हरभऱ्याच्या पानांवरचे ते आंबट पाणी त्या पोटदुखीसाठी बाटलीत भरून ठेवतात. आज फडके कोरडेच आले. मी सहज म्हणालो, "दव पडलेच नाही, तर आंब कोठून मिळणार?"

"आंब काय आभाळातून पडती व्हय?" त्या म्हणाल्या. "आभाळातून पडली असती तर ज्वारीवरबी आंबट लागली असती."

आज घरातही कोणी व्याकरणाच्या बाजूने नाही.

बुधवार, १७ डिसेंबर

आजचा तास मी विसरणार नाही.

बाईंनी वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या. स्टीलचा एक कोरडा पेला टेबलावर ठेवला. समर्थ घरच्या फ्रिजमधला बर्फ डब्यात घेऊन आला होता. आजोबांना न सांगता आणल्याचे त्याने मोठ्या अभिमानाने जाहीर केले. पेल्यात बर्फ, पाणी आणि चमचाभर हळद घातली. सगळी मुले कोपरे टेकून पेल्याकडे पाहत बसली. चाळीस वर्षे मी वर्गात होतो. एवढी शांतता मला छडी हातात असतानाही लाभली नव्हती.

पेल्याचा बाहेरचा भाग आधी धुरकट झाला. मग त्यावर बारीक टिपके उमटले. ते एकमेकांत मिसळले आणि एक थेंब सावकाश खाली घसरला.

"फुटला! पेला गळतोय!" एक मुलगा म्हणाला.

"गळत असता तर पिवळं आलं असतं," एक मुलगी म्हणाली. बाईंनी पांढरे फडके पेल्यावरून फिरवून मुलांना दाखवले. ते पांढरेच होते. हळद कशासाठी घातली होती, हे मला तेव्हा कळले, आणि मी नकळत "वा!" म्हणालो.

"मग हे वरून पडलं का?" बाईंनी विचारले.

"छत फाटलं असंल!" समर्थ म्हणाला.

मी क्षणभर वर पाहिले. ते कोणाच्या लक्षात आले नसावे. कारण नेमके तेव्हाच सगळ्या मुलांना एकदम हसू फुटले आणि त्यांचे लक्ष भलतीकडे गेले.

मग बाईंनी समजावले: हवेत न दिसणारे पाणी असते; गार वस्तूला ते लागले की थेंब होतात. गवत आणि ताट रात्री उघड्या आभाळाखाली फार गार होतात. पत्र्याखालची मोटारसायकल तितकी गार होत नाही. माझ्या पुराव्याचा एवढ्या आदराने निकाल लावलेला मी पाहिला नव्हता. माझे नावही त्यांनी घेतले नाही.

आज तक्त्यांऐवजी वह्या तपासल्या. आरफाच्या वहीत एकही शब्द नाही. पेला, थेंब, फडके आणि बंद खिडक्या यांची चित्रे मात्र इतकी नेमकी आहेत, की खिडकीची कडीसुद्धा लागलेली दिसते. मागची पाने चाळली. दहा तारखेपासून तिने केवळ चित्रेच काढली आहेत. चित्रांत शुद्धलेखनाची चूक संभवत नाही, हे या मुलीने एवढ्या लहान वयात ओळखले, याचे कौतुक वाटले. तरीही वही बंद करताना काहीतरी हरवल्यासारखे झाले. लाल पेन उघडावेच लागले नाही, हे त्याचे कारण असावे.

शनिवार, २० डिसेंबर

संक्रांतीआधी पितळी पातेल्यांना कल्हई करून आणा, असा लंकाबाईंचा हुकूम झाला. संक्रांतीला अजून अवकाश आहे, हे मी निदर्शनास आणले. "आजच जा. कमरुद्दीनभाई शनिवारी रिकामे असतात," त्या म्हणाल्या. त्यांना हे कसे ठाऊक, हे विचारायचे राहून गेले.

कमरुद्दीन आता बहुतेक कुकर, मिक्सर आणि शेगड्यांचीच कामे करतात. कल्हईची भांडी घेऊन येणारे थोडेच उरले आहेत. आरफा दुकानाच्या पायरीवर बसून काहीतरी रेखाटत होती. मला पाहताच तिने वही मिटली.

"या गुरुजी, बसा. पोरगी रोज तुमचं सांगत असती," कमरुद्दीन म्हणाले. मग हसून, "पर आताशा लिहीतच न्हाई ओ. लई बोलायची, लई लिहायची. आता इचारलं तर म्हणती, चित्रात काय बी खोडायला येत न्हाई."

आरफा खाली पाहत राहिली. मी पातेली पुढे केली.

मला घाई होती, म्हणून त्यांनी भट्टी नीट तापण्याची वाट न पाहता कथिल लावावे, असे मी सुचवले. त्यांनी मान हलवली. "असं चालत न्हाई गुरुजी. भांडं हवं तसं तापल्याबिगर त्याला कल्हई धरत न्हाई."

"काय म्हणालात?"

"भांडं तापलं पायजे."

"ते नव्हे. त्यापुढचे. क्रियापदासकट."

कमरुद्दीन यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. "काय चुकलं का माझं?"

"नाही, नाही. पुन्हा म्हणा."

"भांड्याला कल्हई धरत न्हाई," ते एकेक अक्षर सावकाश उच्चारत म्हणाले, तोंडी परीक्षेला उभे असल्यासारखे. आरफाने मान वर केली. ती माझ्याकडे पाहत होती. आजोबांच्या वाक्याचे आता काय होणार, अशा नजरेने.

मी म्हणालो, "हे वाक्य शुद्ध आहे."

"व्हय ना?" कमरुद्दीन म्हणाले, आणि त्यांनी भाता चालवायला घेतला.

रविवार, २१ डिसेंबर

सबंध दिवस कोशात आणि जुन्या टिपणांत गेला. लंकाबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली.

'धरणे' या क्रियापदाचा एक अकर्मक प्रयोग मराठीत आहे, ज्याकडे माझे आजवर पुरेसे लक्ष गेले नव्हते. दुधाला साय धरते. लोणच्याला बुरशी धरते. विहिरीच्या पायरीला शेवाळ धरते. लोखंडाला गंज धरतो. द्राक्षाच्या वेलीला घड धरतात. भांड्याला कल्हई धरते. यांपैकी एकही वस्तू वरून येऊन पडत नाही. भोवतालचे काहीतरी एखाद्या वस्तूला लागते, आणि त्या वस्तूची स्थिती अनुकूल असेल तरच ते तिथे राहते: दूध निवलेले हवे, पायरी ओली हवी, भांडे तापलेले हवे. म्हणूनच या प्रयोगात वस्तूला 'ला' हा प्रत्यय लागतो.

ताट गार झाले की ताटाला दव धरते.

सात वर्षांच्या मुलीने गवतात उकिडवे बसून एक गोष्ट पाहिली. तिच्यासाठी रूढ शब्द पुरेना, तेव्हा आजोबांच्या भट्टीजवळ ऐकलेला शब्द तिने उचलला, आणि तो मराठीच्या घडणीत असा चपखल बसला की मला शोधायला आख्खा रविवार लागला. 'दव पडते' हे रूढ आहे आणि रूढच राहील. परंतु 'दव धरते' हे पाहिलेले आहे.

तिच्या मूळ वाक्यात "ताटावर" असे होते; तिथे "ताटाला" हवे. एवढी एक दुरुस्ती शिल्लक राहते, याचे मला समाधान आहे.

लंकाबाईंना हे सगळे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "हे माझ्यापुढं वाचून काय उपेग? जिचं हाय तिला सांगा."

बुधवार, २४ डिसेंबर

पालकसभा साडेदहाला सुरू झाली. भिंतीवर तक्ते लावले होते. आरफाच्या तक्त्याची जागा मोकळी होती. मी तो सोमवारी बाईंकडून मागून घेतला होता.

सभेपूर्वी मी आरफाला बाजूला बोलावले. तक्ता तिच्यापुढे धरला. माझी लाल ओळ मीच खोडली होती, आणि खाली कोरी जागा ठेवली होती. म्हणालो, "तुझे क्रियापद बरोबर होते. 'ताटावर'ऐवजी 'ताटाला' कर. दुधाला साय धरते, तसे. पटत असेल तरच कर."

तिने बराच वेळ माझ्या खोडलेल्या ओळीकडे पाहिले. मग विचारले, "आजोबा, तुमचं वाक्य चुकलं?"

"माझे वाक्य रूढ आहे. तुझे अधिक नेमके आहे."

"म्हंजे चुकलं," ती म्हणाली, आणि पेन्सिल घेऊन लिहायला बसली. "ताटाला दव धरतं." अनुस्वाराचा ठिपका तिने इतका जोर देऊन काढला की कागदाला भोक पडले. 'धरते' असे लेखी रूप मी सुचवणार होतो. सुचवले नाही.

रखमाजींनी मला खुर्ची दिली, नारळ दिला आणि सभेला सांगितले, "गुरुजी आता परखड सांगतील. त्यांच्या शब्दाबाहेर आपण जायचं न्हाई." मी उभा राहून अभिप्राय वाचला. तो येथे उतरवून ठेवतो:

"या तासाला मुले पाहिल्याशिवाय बोलत नाहीत, आणि जे पाहिले त्यासाठी योग्य शब्द सापडल्याखेरीज थांबत नाहीत. भाषेच्या तासाकडूनही याहून निराळी अपेक्षा ठेवता येत नाही. शिक्षिका प्रश्न विचारून गप्प राहतात; हे कौशल्य दुर्मीळ आहे. मुलांच्या सुरक्षिततेची त्या घेतात ती काळजी मी स्वतः पाहिली आहे. प्रयोगाचा तास चालू ठेवावा."

अश्विनीबाई मागच्या भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी पदराने चष्मा पुसला; थंडीमुळे काचेला वाफ धरली असावी.

रखमाजींनी माझ्या हातातल्या कागदाकडे वाकून पाहिले. मग म्हणाले, "गुरुजी, पान उलटून बघा. माघं आणिक काय तरी लिवलं असंल."

"मागे कोरे आहे."

"आन पाढे? आन बिबट्या?"

"पाढे आमी घरी घेऊ," मागून एक बाई म्हणाली. "आन सकाळचं पोचवायला आमी पाळ्या लावू, चौघीचौघी मिळून." लोक वळून पाहू लागले. ती शीला होती, समर्थची आई. "मामंजी, पहिली पाळी माझी लावा. आन घरातला बर्फ सारखा संपतोय, त्याला बी कुलूप नगा लावू."

बर्फ कसा संपतो, हे रखमाजींना त्या क्षणी कळले. समर्थ बाकाखाली गेला. सगळी सभा हसली, आणि हसता हसताच हात वर झाले. कमरुद्दीन यांनी तर दोन्ही हात वर केले होते. एकच मोजावा, असे मला सुचवावे लागले. तास राहिला.

सभा संपल्यावर रखमाजींनी फाटकात मला गाठले. त्यांना माझ्याकडून निराळा अभिप्राय अपेक्षित होता, असे त्यांच्या चेहऱ्यावरून प्रथमच माझ्या ध्यानात आले. मग मला का निवडले, हे मी विचारणार होतो. तेवढ्यात ते म्हणाले, "तुमच्याकडून ही आशा नव्हती. म्हातारपणी पोरात पोर झालात, गुरुजी!"

ते चालते झाले. मी नारळ घेऊन घरी आलो आणि हे वाक्य वहीत उतरवून नीट तपासले. 'पोरांत' या अनेकवचनी रूपावर अनुस्वार हवा. एरवी वाक्य सर्वथा निर्दोष आहे.